म्होरक्याची घंटा

माझ्या सासूबाई, उलकान आपा, टोमणे मारण्यात आमच्या अख्ख्या खोऱ्यात पहिल्या. मी लग्न होऊन या डोंगरातल्या हिवाळी घरात आले, तेव्हा पहिले तीन महिने त्यांना एकच विषय पुरला. तो म्हणजे सेर्के, कळपाचा म्होरक्या बोकड. दांडगा, खच्ची केलेला, गळ्यात पितळी घंटा. मेंढ्या स्वतःहून वाऱ्यासमोर एक पाऊल टाकत नाहीत, पण सेर्के निघाला की निमूट मागे जातात.

आणि तो सेर्के माझ्या लग्नात गेला होता.

लग्नाच्या दिवशी कोकबोरू खेळायला घोडेस्वार जमले. या खेळात कापलेला बोकड घोड्यावरून एकमेकांकडून हिसकावतात, त्यामुळे तो वजनदार लागतो. सासरच्यांनी आणलेला अगदीच काडी निघाला. माझ्या माहेरचा एकजण ओरडला, "अहो, हा बोकड आहे की हातमोजा?" सगळे खो खो हसले. झालं! माझे सासरे तुरदाकुन, त्यांना मी अताके म्हणते, ताडकन उठले आणि म्हणाले, "माझा सेर्के घ्या." लोकांनी टोप्या उडवल्या. मीही ओढणीआडून खूश झाले, खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी कुणी इतकं मोठं काही दिलं नव्हतं.

घंटा तेवढी मागे राहिली. आपांनी ती मुद्दाम अताके जेवायला बसतात त्यांच्यासमोरच खिळ्याला लटकवली.

"घ्या, चहा घ्या," त्या म्हणायच्या, "आणि तुमच्या मोठेपणाकडे बघत प्या."

अताके मान खाली घालून प्यायचे. आपांचं बोलणं त्यांना लागायचं, तसं ते मलाही लागायचं. कारण त्या मोठेपणाचं निमित्त मीच होते.

जानेवारीत माझा नवरा पीठ आणायला खाली गावात गेला आणि मागे घाट बंद झाला. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. अताके मेंढ्या घेऊन खालच्या घळीकडे गेले. दुपार होते न होते तोच वारा सुटला आणि बर्फ आडवं उडायला लागलं. अंगणातली शेणाच्या गोवऱ्यांची रास दिसेना.

थोड्या वेळाने दाराशी खूर वाजले. अताकेंचा घोडा एकटाच आला होता, खोगीर रिकामं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"गप!" आपा म्हणाल्या. त्यांनी लगाम चाचपला. "म्हातारा पडला असता तर लगाम लोंबत आला असता. हा खोगिराला नीट बांधलाय. त्यानेच पाठवलंय घोड्याला."

"मग स्वतः का नाही आले?"

"मेंढ्या वाऱ्याला पाठ देऊन घळीत बसल्या असतील. घर वारा येतो त्या बाजूला, त्या कशाला येतील इकडे? आणि तो त्यांना सोडून यायचा नाही. लाजेने मरेल तो तिथे. माझ्यामुळे मरेल."

आपांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला रडू यायला लागलं. पण त्या आत गेल्या, खिळ्यावरची घंटा काढली आणि आपल्या लोकरी रुमालात ओवून गळ्यात करकचून बांधली.

"आपा, हे काय?"

"सेर्के तुझ्या लग्नात गेला ना? मग कुणीतरी व्हायला नको?" मोठी कढई माझ्यापुढे ढकलून त्या म्हणाल्या, "दारात उभी राहा आणि ही बडव. वारा आवाज आमच्याकडे आणेल. थांबलीस तर आम्ही चुकलो, समज."

घोड्याचे माग बुजायच्या आत त्या निघाल्या. दहा पावलांवर दिसेनाशा झाल्या.

मी पळीने कढई बडवत राहिले. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळे तिकडचं मला काहीच ऐकू येईना. उजवा हात गेला की डावा, डावा गेला की उजवा. मधूनच वाटायचं, ऐकायला तिथे कुणी उरलंय तरी का? माहेरच्या त्या हातमोजेवाल्याला मी त्या दिवशी इतक्या शिव्या दिल्या की त्याला उचकी लागली असेल. मग शिव्याही संपल्या आणि मी नुसतीच बडवत राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. समोरच्या पांढऱ्यात काहीतरी काळं हललं. जवळजवळ ओणव्या, एक हात पुढे धरून आपा येत होत्या. चार पावलं टाकायच्या, थांबून मान हलवून घंटा वाजवायच्या, पुन्हा चार पावलं. त्यांच्यामागे एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड, अशा मेंढ्या. आणि सगळ्यांत मागे, एक कोकरू कोटात खुपसून, अताके.

त्रेसष्टांतल्या साठ आत आल्या.

घरात आल्यावर आपांना रुमालाची गाठ सुटेना. बोटं लाकडाची झाली होती, गाठीवर बर्फ जमलं होतं. माझेही हात कामातून गेले होते. अताके पुढे झाले. बोटांनी जमेना तेव्हा त्यांनी ती गाठ दातांनी सोडवायला घेतली. माझ्यादेखत त्यांचं तोंड आपांच्या हनुवटीला लागत होतं. मला लाज वाटली, तरी मी बघत राहिले.

गाठ सुटली. घंटा हातात घेऊन अताके म्हणाले, "चुकलो मी, उलकान."

तीन महिने ज्या शब्दांसाठी आपांनी घर डोक्यावर घेतलं, ते हे शब्द. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "सूनबाई, चहा टाक. आधी यांना दे."

आपांच्या उजव्या पायाची दोन बोटं गारठ्याने गेली. घंटा पुन्हा त्याच खिळ्यावर टांगली गेली, पण तिच्यावरून टोमणा मी परत ऐकला नाही. बाकीच्या विषयांना मात्र तोटा नव्हता.

वसंतात अताकेंनी नवीन बोकड तयार करायला घेतला. छान होता, चपळ. एके सकाळी त्यांनी खिळ्यावरची घंटा उतरवली आणि त्याच्या गळ्यात बांधायला निघाले. आपा लंगडत दारात आल्या आणि ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"यंदा नको," त्या म्हणाल्या. "लहान आहे अजून. फार जड असते ती."

अताके रिकाम्या हातांनी तिथेच उभे राहिले.