घरच्या गाईचा नंबर

भीमराजला कोल्हारात सगळे डॉक्टर म्हणतात. तो डॉक्टर नाही. एका खासगी डेअरीच्या संकलन केंद्रावर तो पगारी नोकर आहे. पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत लोकांचं दूध मापून घ्यायचं, फॅट काढायची आणि फॅट कमी लागली की लोकांच्या शिव्या खायच्या, एवढंच त्याचं काम. एकनंतरचा दिवस त्याचा स्वतःचा होता. जेवायचं, तासभर आडवं व्हायचं आणि चारला बायकोसोबत ओट्यावर चहा प्यायचा. हे सुख त्याला सुख वाटत नव्हतं, रिकामपण वाटायचं.

म्हणून चार वर्षांपूर्वी त्याने गाई भरवण्याचा, म्हणजे कृत्रिम रेतनाचा, कोर्स केला. नायट्रोजनचा कॅन, त्यात वळूच्या बीजाच्या कांड्या आणि खांद्यापर्यंत येणारे हातमोजे घेऊन त्याची मोटारसायकल प्रवरेच्या दोन्ही काठांनी फिरू लागली. एका गाईचे दोनशे रुपये. आणि वर 'डॉक्टर'. ज्या दारांत त्याच्या आजोबांना अंगणाबाहेर उभं राहून हाक मारावी लागायची, तिथे त्याच्यासाठी खुर्ची येऊ लागली, कपबशीतून चहा येऊ लागला. हे त्याने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. पण फोन वाजला की त्याच्या तोंडून 'नाही' निघत नसे, त्याचं निम्मं कारण ही खुर्ची होती. खुर्चीचा मोह कोणाला सुटलाय, की यालाच सुटावा?

त्याची बायको भारती कांदा लागवडीला रोजाने जाते. दिवसभर चिखलात वाकून रोपं खोचायची. गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरतायत. रोजंदारीतून मागे टाकत टाकत तिने लोणीच्या बाजारातून एक कालवड आणली, स्वतः पारखून, आणि आणली त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं, "ही याली की म्या रोजानं जायचं बंद करनार. तवर जाते."

म्हणजे सगळं त्या कालवडीच्या गाभण राहण्यावर अडलं होतं. आणि घरात तर डॉक्टरच होता.

गाईचा माज काही तासांचा असतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस हात चोळत बसायचं. हे भीमराज गोठ्यागोठ्यात बोट नाचवून सांगायचा. "येळ पाळा, येळ. गाय घड्याळ बघत न्हाई."

स्वतःची कालवड पहिल्यांदा माजावर आली ती संध्याकाळी. सकाळी तो डेअरीवर. एकला सुटला तर दोन फोन आले होते, दोन्ही पैशाचे. घरची काय, घरचीच आहे. घरी आला तेव्हा पाच वाजले होते आणि कालवड शांतपणे रवंथ करत होती. "गेला माज," तो म्हणाला. "एकवीस दिसानं बघू."

एकवीस दिवसांनी तो वेळेत आला, पण रिकाम्या हाताने. कालवडच जन्माला घालणारी महागडी कांडी त्याने भारतीसाठी म्हणून राखून ठेवली होती. ती आदल्या दिवशी राधाकृष्ण तात्यांच्या गोठ्यात खपली होती. तात्यांच्या तीस गाई. तात्यांना नाही कसं म्हणणार? तिसऱ्या वेळी घाईघाईत उशिरा भरवली, ती उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. प्रत्येक हुकलेल्या वेळेमागे भारतीचे आणखी एकवीस दिवस चिखलात गेले. ते मात्र कोणी मोजत नव्हतं.

तिनेच एकदा चुलीपुढे विचारलं, "एका गाईमागं हातात किती उरत्यात?"

"दोनशे."

"उरत्यात किती, म्हनलं."

पेट्रोल गेलं, कांडी गेली. उलटलेल्या गाईला परत फुकट जावं लागतं, ते गेलं. भीमराजने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि जरा दबकत म्हणाला, "साठ-सत्तर."

"आनि येळ?"

"दोन-अडीच तास."

"मला कांद्यात दिसाला साडेतीनशे मिळत्यात. त्यात माझं गुडघं जात्यात, ते मला ठाव हाय. तुमच्या सत्तर रुपयात काय जातंय, ते तुमाला तरी ठाव हाय का?"

तो भडकला. माणसं नावाजतात, ते दिसत नाही का, वगैरे बोलला. पण रात्रभर ते त्याला टोचत राहिलं आणि सकाळी त्याने जाहीर केलं, एक तारखेपासून चारनंतर एकही फोन घ्यायचा नाही. चारला चहा घरी. भारतीने मान डोलावली. नऊ दिवस चहा घरी झाला. दहाव्या दिवशी तात्यांचा फोन आला.

मग कालवडीची पुढची वेळ आली. सकाळी सहालाच ती हंबरायला लागली. भारतीने डेअरीवर फोन केला. "आता सकाळी दिसलाय ना? मग संध्याकाळी. सहाला हजर," तो म्हणाला, आणि त्या क्षणी तो खरंच बोलत होता.

तीनला तात्यांनी बोलावलं. त्यांची गाय उलटली होती, तीही दुसऱ्यांदा, म्हणजे आजचं काम फुकट. ते उरकलं तर तात्या म्हणाले, "डॉक्टर, आलाच हाय तर त्या गाभण गाईवर बी हात फिरवा." मग आणखी एकीचं खूर. मग चहा. सहा वाजताना त्याला घड्याळ दिसलं होतं, खोटं कशाला बोला. पण खुर्चीवरून उठून, 'माझ्या बायकोची कालवड थांबलीय' असं तात्यांना सांगायची त्याला लाज वाटली.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कालवड गप्प होती. कॅन उतरवताना उकिरड्याकडे नजर गेली. तिथे एक लांब हातमोजा उलटा होऊन पडला होता आणि बाजूला रिकामी कांडी. त्याच्या पिशवीतली नव्हती.

"कोन आलतं?"

"गोरक्ष." भारती भाकऱ्या थापत होती. गोरक्ष म्हणजे शेजारच्या गावचा, भीमराजच्याच कोर्समधला, मागच्या बाकावर झोपा काढणारा. "सहाला फोन केला. साडेसहाला आला."

भीमराजला विचारायचं होतं, कांडी कुठली, माजाचा सोट, म्हणजे चिकट स्राव, कसा होता, हात नीट होता का त्याचा. तोंडातून निघालं, "किती घेतलं?"

"दोनशे. घेत न्हवता. म्हनला, डॉक्टरांच्या घरचं कसं घेऊ? म्याच दिलं. म्हनलं, आमच्या डॉक्टरांना पैशाबिगर यायला जमत न्हाई, तू तरी कशाला फुकट येतो?" तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तुमाला आज किती मिळालं?"

तो हात धुवायला मोरीवर गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

कालवड उलटली नाही. तीन महिन्यांनी तपासायची वेळ आली तेव्हा भीमराज हातमोजा चढवून पुढे झाला, तर भारती म्हणाली, "राहू द्या. गोरक्ष येतोय." गोरक्ष आला, हात घातला, म्हणाला गाभण आहे, आणि पैसे घेऊन गेला.

डेअरीवर बातमी पोचायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवशी लोक कॅन्या रिकाम्या करता करता भीमराजची पाठ थोपटत होते. डॉक्टर, तुमच्या हाताला यश हाय. तो हसत होता. गोरक्षचं नाव त्याने काढलं नाही. संध्याकाळी शेजारची रतनबाई ओट्यावर येऊन बसली. भीमराज तिथेच बशीत चहा ओतत होता.

"भारते, तुजं बरं हाय बाई," रतनबाई म्हणाली. "घरातच डॉक्टर. हाक मारली की हजर."

"व्हय," भारती म्हणाली. "दोनशे रुपये घेतो, पन हाक मारली की येतो."

रतनबाईला काही कळलं नाही, ती हसली. भीमराजच्या खिशातला फोन वाजायला लागला. भारतीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बशीतला चहा तसाच ठेवून तो उठला.