भिकार अकरांतली रिकामी जागा

राजेहो, स्वतःच्या नोकरीचं वाटोळं करायला माणसाला किती वेळ लागतो? मला विचाराल तर कणीस भाजून हातावर चोळायला लागतो तेवढा. मध्ये चटणी मागून घ्यायलासुद्धा सवड मिळते! हसा, आधीच हसून घ्या. मला या गोष्टीचं अजून हसू येत नाही.

साठ सालच्या मागची-पुढची गोष्ट. मी बी.ए. होऊन अमरावतीत मोकळा फिरत होतो. बाबा रिटायर्ड हेडमास्तर. ते माझ्याशी बोलायचं सोडून माझ्याबद्दल बोलायला लागले होते, तेही माझ्यासमोर, भिंतीकडे पाहून. "याले म्हना, जेवून घे." भिंत काय सांगणार? मी आपला जेवून घ्यायचो.

मला दोनच कामं यायची. एक, थोडीफार ओपनिंग बॅटिंग. दुसरं, कॉमेंट्रीचं भाषांतर. आमच्या नासीरच्या शिलाईच्या दुकानात रेडिओ होता. कॉमेंट्री इंग्रजीत, आणि दुकानात बी.ए. मी एकटा.

"दिगांबर, काय म्हनते रे तो गोरा?" नासीर मशीन थांबवून विचारायचा.

मी सांगायचो. निम्मं मला समजायचं, निम्मं खरखरीत जायचं. जे जायचं ते मी पदरचं घालायचो. "डावा पाय पुढं काढला, बॉल आत वळला, बॅट-पॅडच्या मधून शिरला, दांडी गुल!" पोट्टे खूश! आता आमच्यापैकी कोणी टेस्ट पाहिली होती? कोणीच नाही. पेपरातले फोटो असे काळे यायचे की खेळाडू कोणता आणि स्टंप कोणता ते समजू नये. पण लंडनमधल्या माणसाचा डावा पाय कुठं होता, ते आम्ही अमरावतीत बसून छातीठोक सांगायचो.

आणि आपण तेव्हा हरायचो हो! असे हरायचो की जेवण जाऊ नये. एकदा त्याच रागात आम्ही जगातल्या भिकार खेळाडूंची टीम काढायला घेतली. सीझनभर तोच धंदा. इंग्लंडचा एक कीपर घेतला, त्याच्या हाताला बॉलची ॲलर्जी होती. न्यूझीलंडचा फास्ट बॉलर घेतला. तो पार गावाबाहेरच्या वलगावपासून धावत यायचा, आणि त्याचा बॉल आजाऱ्याच्या भेटीला आल्यासारखा हळूच टेकायचा. वेस्ट इंडिजमध्ये भिकार माणूस सापडेचना.

"त्यायच्या टीमचा धोबी घे," नासीर म्हणाला. घेतला.

ओपनिंगला मात्र आपलाच एक माणूस होता. नाव नाही घेत, त्याची नातवंडं आहेत. एकच टेस्ट खेळला, तीही विलायतेत, आणि दोन्ही डावांत भोपळा. तो मुंबईकडचा कोणी असणार असं आम्ही ठरवून टाकलं होतं, त्यामुळे त्याला शिव्या घालताना जास्त समाधान वाटायचं. त्याच्या जोडीची जागा तेवढी रिकामी राहिली. एवढा भिकार दुसरा भेटलाच नाही.

अशात अकोल्याहून माझा मामा आला. म्हणाला, "दिगू, आमच्या इथं मिलमंधी क्लार्कची जागा हाय. पन मिलच्या टीमले ओपनर पाहिजे. जो खेळन त्याले खुर्ची. सोमवारी ट्रायल. सारं बापूसाहेबाच्या हातात हाय. आईतवारी आपल्या वावरात हुरडा ठेवला, त्यायले बोलावलं. तू फक्त मुका नको बसू. खेळाचं बोल काही."

बाबांनी भिंतीला सांगितलं, "याले म्हना, हा चान्स गेला तं घरी येऊ नको."

गेलो. मामाचं वावर, आगटी पेटलेली, धूर डोळ्यांत. तुम्हाला ठाऊक आहे, हुरड्याला कोणी कोणाची ओळख करून देत नाही. आला तो बसला, चटणी घेतली, खायला लागला. मी नजर फिरवली. एक गृहस्थ कोट, टाय, डोक्याला हॅट, बूट ढेकळात रुतलेले. वावरात टाय लावून कोण येईल? साहेबच! बाकी चार-पाच जण होते, ते आपले साधे. एक जण धोतर, शाल आणि कानटोपी घालून आगटीजवळ उकिडवा बसला होता आणि गरमगरम कणसं चोळून सगळ्यांच्या हातावर हुरडा ठेवत होता.

मामा दही आणायला खोपडीकडे, म्हणजे वावरातल्या झोपडीकडे गेला, आणि मी सुरू झालो.

काय सांगू, राजेहो, मी त्या टायसमोर काय बोललो नाही? सगळी भिकार टीम काढली. कीपर काढला, बॉलर काढला, धोबी काढला. टाय हसत होता. आगटीभोवतीचे लोकही हसत होते, पण मध्येच एकमेकांकडे पाहून चूप व्हायचे. मला वाटलं, माझ्या इंग्रजी शब्दांचा धाक बसला.

"अन ओपनिंगले?" कानटोपीनं विचारलं.

तुम्ही हुशार. तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं!

"ओपनिंगले आपला एका टेस्टवाला!" मी उठून उभाच राहिलो. हातात ज्वारीचं धांडं घेतलं, बॅटसारखं धरलं. "हा पाहा, असा आला. गुडघे असे थरथर. हा डावा पाय पुढं काढला, बॉल आत वळला, अन..." मी धांडं टाकून दिलं, दोन्ही हात डोक्यावर घेतले, आणि ढेकळात लोळलो.

टाय पोट धरून हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"पाय पुढं नोता काढला," कानटोपी म्हणाली. "जागीच होता. अन बॉल आत गिन काही आला नाही. सरळ होता."

माझं डोकं फिरलं. सीझनभर केलेली नक्कल, आणि हा कणसं चोळणारा मला सांगतो?

"तुम्ही पाहाले गेले होते काय?"

"हो, होतो मी तथी."

"मी रेडिओवर ऐकलं, पोट्ट्यायले भाषांतर करून सांगितलं!" मी ओरडलो. "रेडिओ काय खोटं बोलते? पाय पुढं होता म्हंजे होता!"

"बरं बावा, असन," तो म्हणाला आणि त्यानं माझ्या हातावर हुरडा ठेवला. "अन दुसरा ओपनर?"

"त्याची जागा खाली हाय. त्याच्या जोडीचा भिकार अजून पैदा व्हायचा हाय."

तेवढ्यात मामा दह्याचं मडकं घेऊन आला. टायकडे त्यानं पाहिलंही नाही. सरळ कानटोपीसमोर वाकला. "घ्या बापूसाहेब. दिगू, हे विलायतेत टेस्ट खेळून आले बरं! झाली काय आमच्या भाच्याची ओळख?"

"झाली," बापूसाहेब म्हणाले. "लय चांगली झाली. त्याले दही द्या अगोदर, घसा बसला असन."

मी आशेनं टायकडे पाहिलं.

"मी विम्याचं पाहतो," टाय म्हणाला. आणि त्याच दिवशी त्यानं माझी पॉलिसी उतरवली! त्या घटकेला मी कशावरही सही केली असती.

आता तुम्ही म्हणाल, बापूसाहेबांनी सोमवारी सूड घेतला. घेतला असता तर मी आज मिशीला पीळ देऊन सांगितलं असतं की अन्याय झाला. तेवढंही सुख त्या माणसानं मला ठेवलं नाही.

ट्रायलला अंपायर तेच. पांढरा कोट, तीच कानटोपी. काळ्या मातीवर मॅटिंग ताणलेलं. पहिला बॉल माझ्या पॅडवर असा बसला की तिन्ही स्टंप त्याच्या मागं होते. सगळे बोंबलले. मी पॅव्हेलियनकडं पाहायलासुद्धा लागलो. बापूसाहेब मान हलवून म्हणाले, "नाही."

मला भरून आलं हो! म्हटलं, माफ केलं देवमाणसानं. आता शंभर काढतो.

दुसरा बॉल आला. मी पाहतो आहे की येतो आहे. डोकं म्हणतं, डावा पाय काढ पुढं. पाय कुठला निघतो? जागीच! बॉल वळला नाही, उसळला नाही, सरळ आला आणि मधली दांडी घेऊन गेला.

जाताना मला त्यांच्या जवळूनच जावं लागलं. हळूच म्हणाले, "पाहा बरं, पाय कोठी होता?"

चहाच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. माफी मागणार होतो, पण तोंडातून निघालं, "साहेब, तुमी आपल्याकडचे असान असं वाटलं नोतं."

"धामणगावच्या अलीकडचा हावो मी," ते म्हणाले. "खेळलो दुसऱ्या प्रांताकडून, कारन इकडं कोन इचारते? टेस्टच्या दिवशी माया मायनं रेडिओ मागून आनला होता. इंग्रजी घरात कोनाले समजे? माही इकेट पडली, गोरे ओरडले. मायले वाटलं, पोट्ट्यानं चौका मारला. तिनं गावात गूळ वाटला. दुसऱ्या डावातही वाटला."

कपातला चहा त्यांनी बशीत ओतला.

"तथी भाषांतर कराले तुमच्यासारखा कोनी नोता, हे बरं झालं."

मी मान खाली घातली. पण गरज वाईट, राजेहो. घरी बाबा आणि भिंत दोघं वाट पाहत होते. विचारलं, "साहेब, मंग नोकरी?"

"नोकरी ओपनरले हाय, बाबू."

संपलं! आता काय उरलं? म्हटलं, निदान हसून तरी निघावं. उसनं हसू आणून म्हणालो, "मंग साहेब, तुमच्या जोडीची ती खाली जागा तरी मले द्या. मी तुमच्याहून भिकार हावो, हे तं सिद्ध झालं."

बापूसाहेबांनी बशीतला चहा संपवला, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि अगदी गंभीरपणानं, सिलेक्टरनं सांगावं तसं सांगितलं, "नाही जमत, बाबू. ते टीम इंटरनॅशनल हाय. तिच्यात भिकार म्हनून घ्याले सुद्धा अगोदर देशाकडून खेळा लागते."

गाडीतून बदनेऱ्याला उतरलो, घरी आलो. बाबा भिंतीला म्हणाले, "याले इचारा, कोन्या टीममंधी झालं सिलेक्शन?"

जगातल्या सगळ्यात भिकार टीममध्ये एक जागा रिकामी होती, आणि टीम मीच काढली होती. काय सांगणार होतो मी त्या भिंतीला?