बाळाबाईचं हँडल

पाबे घाटाच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या अंगाला आमची वाडी. वाडीत मोटारसायकली पुष्कळ आहेत, पण डोळे मिटून ओळखू येते ती एकच, बाळाबाईची. बाळाबाई सुकी मासळी विकते. बोंबील, सुकट, जवळा, कधीमधी खारा बांगडा. कोकणातून, महाडकडून माल भोरात येतो. तिथून तो उचलायचा आणि वेल्हे, नसरापूर, पानशेत असे आठवड्याचे बाजार धरायचे. पावसाळ्याच्या तोंडावर लोक आगोटीचं सामान भरतात, तेव्हा तर तिला जेवायला फुरसत नसते.

गाडी मुळात तिच्या नवऱ्याने, गोरखने, जुनी विकत घेतली होती. पहिल्याच दिवशी ऐटीत घरी आणताना तो थेट शेणाच्या उकिरड्यात घुसला आणि तिथेच त्याने गाडीचा नाद सोडला. पुढे बरेच महिने गाडी गोठ्यात उभी होती आणि कोंबड्या तिच्यावर रात्रीच्या बसायच्या. भात निघाल्यावर वावर मोकळं झालं, तेव्हा बाळाबाईने कोंबड्या हुसकल्या, गाडी वावरात नेली आणि काष्टा घट्ट खोचून एकटीच शिकली. नऊवारी नेसून मोटारसायकल चालवायला काही अडचण येत नाही, पाचवारीवाल्यांचीच पंचाईत, असं ती सांगते.

तेव्हापासून ती पुढे आणि गोरख मागे. दोन्ही बाजूंना मासळीच्या पाट्या बांधलेल्या, तिसरी गोरखच्या मांडीवर. मागे बसायचं काम तो मन लावून करतो. वळणावर योग्य त्या बाजूला कलतो आणि खड्डा आला की आधी सांगतो.

अडचण एकच होती. बाळाबाई साडेचार फुटांच्या वर फार तर बोटभर. हँडल धरायला तिला टाकीवर पार पालथं पडावं लागायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाई गाडी चालवत नाहीये, ढकलतेय. पन्नाशी आली तसे खांदे बोलायला लागले. बाजारातून आली की तिला हात वर करून केस विंचरता येईनात.

म्हणून दोघं एकदा फाट्यावर गेली. तिथे माऊलीचं गॅरेज आहे.

"माझ्या खांद्याला कळ लागती," बाळाबाई म्हणाली. "हँडल जरा माझ्याकडं आणता येईल का?"

माऊलीने गोरखकडे बघून उत्तर दिलं, "नाना, हँडल कंपनीचं हाय. ते तसंच ऱ्हातं."

"गाडी मी चालवती," बाळाबाई म्हणाली.

"व्हय ना. नाना, वहिनींना म्हणावं, गादीवर जरा पुढं सरकून बसा."

गोरख बायकोकडे वळला. "पुढं सरकून बस म्हंतोय."

"मला ऐकू येतंय!" बाळाबाई कडाडली. "आन् आजून पुढं सरकले तर दिव्यावर बसन मी."

त्या दिवशी घरी येईपर्यंत ती गोरखशी बोलली नाही, आणि गोरखला आपलं काय चुकलं ते कळलं नाही.

तिची सून स्नेहल मोबाईलवरून काहीबाही मागवत असते. तिने शोधून काढलं की मागे वळलेलं, जरा उंच असं हँडल वेगळं मिळतं. "आत्या, ह्याची टोकं आपल्याकडं येत्यात. हात ताणायला नको." बाळाबाईने चित्र बघितलं आणि मागव म्हणाली.

पार्सल आलं ते हनुमंताच्या किराणा दुकानात. कागदाच्या बाहेर दोन वाकडी टोकं आलेली बघून दुकानातल्या लोकांना राहवेना. कुणी म्हणालं पाळण्याचा दांडा, कुणी म्हणालं म्हशीची शिंगं. "म्हशीची असत्याल तर काळी नगंत का? ही चकाकत्यात," हनुमंताने शंका काढली. बाळाबाईने पार्सल काखेत मारलं आणि कुणालाच काही न सांगता निघून गेली. त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती स्टीलची म्हैस पाळणार असल्याची बातमी वाडीभर झाली.

माऊलीकडे परत जायचं नाही, हे तिचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंगणात पोतं अंथरलं आणि पाने मांडले. स्नेहलने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस भराभर काम करत होता आणि तितक्याच भराभर तमिळमध्ये बोलत होता.

"आत्या, ह्यो काय म्हंतोय ते कळंना."

"नको कळू दे. त्याच्या हाताकडं बघायचं. मी बोंबील निवडताना कुठं बोलती?"

गोरखकडे गाडी धरायचं काम दिलं होतं. गाडी मधल्या स्टँडवर भक्कम उभी होती, तरी तो दोन्ही हातांनी ती धरून उभा राहिला.

आरसे निघाले. क्लच निघाला, ब्रेक निघाला. डाव्या हाताची रबरी मूठ मात्र चिकटून बसलेली. बाळाबाईने छत्रीची तार आत सरकवली, वर साबणाचं पाणी सोडलं आणि मूठ पिळून काढली. मग हँडल धरून ठेवणारे चार बोल्ट.

"आत्या, काढायच्या आधी वायरींचा फोटू काढू का? कुठली कुठनं गेली ते कळंल."

"मग व्हिडिओ कशावर बघायचा? माझ्या ध्यानात ऱ्हातं."

नवं हँडल बसलं. सगळं एकेक करून परत चढत गेलं. आणि मग गाडं अडलं. हॉर्नच्या बटणाची जी डबी असते, तिच्या आत एक बारीक खुंटी असते. ती हँडलच्या भोकात बसली की डबी जागची हलत नाही. नव्या हँडलला भोकच नव्हतं. डबी गरागरा फिरत होती.

"भोक मी पाडतो," गोरख म्हणाला.

दोघी बायका त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने सकाळपासून पहिल्यांदा गाडी सोडली, वाडीतल्या रखमाजीकडून ड्रिल आणलं, एक डोळा मिटून नेम धरला आणि भोक पाडलं. सुरेख, गोल भोक. पण हँडलच्या चुकीच्या बाजूला. डबी घट्ट बसली आणि हॉर्नचं बटण जमिनीकडे तोंड करून राहिलं.

"वाजतंय की," गोरखने खालून अंगठा लावून दाखवला.

बाळाबाईने कपाळाला हात लावला. दुसरं भोक पाडू द्यायची तिची हिंमत होईना. तिने करंगळीने खालून बटण दाबून बघितलं. वाजलं. "असू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याचा बाजार होता. स्नेहल म्हणाली, आधी रिकामी फिरवून बघा. पण पाट्या भरून झाल्या होत्या. बाळाबाई गाडीवर बसली. पाठ ताठ, कोपरं अंगाशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती गाडीवर माणसासारखी बसली होती. अंगणातून भैरवनाथाच्या देवळापर्यंत रस्ता सरळ, तिथवर गाडी लोण्यासारखी गेली. देवळापाशी तिने हँडल डावीकडे वळवलं, आणि गाडीने आपणहून रेस घेतली.

"हळू, हळू!" गोरख ओरडला.

"मी काय करंना!" बाळाबाई ओरडली.

हँडल जितकं वळवावं तितकी गाडी पेटत होती. पुढे रखमाजीची पेंढ्याची गंजी होती. गाडी तिच्यात घुसली, पार दिव्यापर्यंत, आणि फुरफुर करून बंद पडली. गोरख गंजीच्या वरच्या अंगाला जाऊन पडला. मांडीवरची पाटी त्याने तिथेही सोडली नव्हती. बाकीच्या दोन्ही पाट्या मात्र रस्त्यावर सांडल्या, आणि वाडीतली मांजरं कधी नव्हे इतक्या एकीने धावून आली.

रखमाजी बाहेर आला, सगळं बघितलं आणि म्हणाला, "बाळाबाय, गाडीला वैरण घालायची तर सांगायचं. पेंडी काढून दिली आस्ती."

बाळाबाई पेंढ्यात बसून राहिली. कुणाला लागलं नव्हतं, पण तिचे डोळे भरून आले. सांडलेल्या सुकटीचं तिला काही नव्हतं. आता फाट्यावर जावं लागणार आणि माऊली सगळं गोरखला समजावून सांगणार, हे डोळ्यांपुढे आलं.

"जुनं हँडल ठेवलंय मी जपून," गोरख गंजीवरून म्हणाला. "परत बसवू."

बाळाबाई नाक पुसून उठली, गाडी मागे ओढली, आणि बंद गाडीचंच हँडल सावकाश डावीकडे वळवलं. मग उजवीकडे. परत डावीकडे. तिसऱ्यांदा वळवताना तिला दिसलं. रेसची तार तिने दिव्याच्या बाहेरून वळसा घालून आणली होती. डावीकडे वळवलं की ती ताणायची, आणि रेस चढायची. तार दिव्याच्या मागून, आतल्या अंगाने जायला हवी होती.

तिथेच, रस्त्यावर, मांजरांच्या गराड्यात तिने तार सोडवली आणि आतून ओवली. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चालू केली आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. गोरख इंजिनाजवळ कान नेऊन बसला होता.

"काय म्हंतीय?"

"काय न्हाई. झोपल्यागत हाय."

मग ब्रेक, क्लच, चारी बोल्ट, सगळं तिने पुन्हा आवळून बघितलं. वेल्ह्याचा बाजार त्या दिवशी बुडालाच.

पानशेतच्या बाजाराला मात्र ती निघाली. आधी वाडीला तीन फेऱ्या मारल्या, मग पाट्या बांधल्या. पाबे घाटात चढावर मेंढरांचा कळप आडवा आला. बाळाबाई करंगळीने खालून बटण चाचपत होती, तेवढ्यात मागून गोरखच "हॉऽऽक, हॉऽऽक!" करत ओरडला. मेंढरं बाजूला झाली. मेंढक्याने वाट दिली, पण तो गोरखकडे फार वेळ बघत राहिला.

घाट उतरून पानशेतच्या रस्त्याला लागल्यावर बाळाबाईने गाडीचा वेग कमी केला. ताठ बसल्यामुळे दोन्ही बाजूंचं दिसत होतं. इतकी वर्षं तिने या रस्त्याचं फक्त डांबर बघितलं होतं.

"आवं," ती म्हणाली, "हितं हे बंगलं कधी झालं?"

"कवाच!" गोरख एकदम खुलला. त्याने मांडीवरची पाटी एका हाताने सांभाळली आणि दुसरा हात बाहेर काढला. "त्यो तांबडा दिसतोय ना, त्यो पुण्याच्या डॉक्टरचा. वर्षातनं दोनदा येतो. पल्याडचा निळा इकायला काढलाय. आन् त्या हॉटेलात पिठलं-भाकरी मिळती, पण माणसं लांबनं येऊन भजीच खात्यात."

"तुमाला कसं सगळं ठावं?"

"मागं बसून दुसरं काय करतो मी?"

"मग कधी सांगितलं न्हाई ते?"

"तू कुठं इचारलंस?"

बाळाबाई हसली. पुढच्या वळणावर एक नवं फाटक होतं, त्यावर दोन सिमेंटचे हत्ती. तिने हनुवटीने तिकडे खूण केली. "आन् ह्यो कुणाचा?"

गोरखने घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली.