पाठीवरचं ऊन

गेल्या वर्षी माझी नर्सिंगची जागा फोन बंद पडल्यामुळे गेली होती. यादीत नाव लागलं, मेसेज आला, त्याच दिवशी पाचच्या आत होकार भरायचा होता आणि माझा फोन घरच्या कोनाड्यात मेलेला पडला होता. मेसेज मी दोन दिवसांनी वाचला. तोवर माझ्या जागेवर दुसरीच कोणी बसली होती. त्या रात्री मी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी जो भेटला त्याच्याशी भांडले.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं. बाबांनीही ठरवून टाकलं होतं. "औंदा जमलं तं जमलं, नाही तं पाव्हने पाह्यतो," म्हणाले. म्हणजे नाही तर लग्नच. यादी लागणार होती तो हा एकच आठवडा माझ्याकडे होता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात गावाची डीपी जळाली आणि वीज गेली. आर्णीला जाऊन फोन चार्ज करून आणायचा, तर बॅटरी फुगलेली. घरी पोचेपर्यंत फोन मान टाकायचा. शिवाय गावात रेंज नाही. रेंज यायची ती फक्त आम्ही कापूस वेचत होतो त्या वावरात, मधल्या उंचवट्यावर. गुलाबी बोंडअळीने अर्धी बोंडं पोखरली होती, चांगला कापूस हाताला लागेल तेवढा लवकर वेचायचा होता आणि घरातल्या कोणालाही त्या दिवसांत सुट्टी नव्हती.

दिग्रसच्या बसस्टँडमागे मोबाइल दुरुस्त करणारे एक चाचा होते. बॅटरी बदला म्हणून गेले, तर या मॉडेलची बॅटरी आता मिळत नाही म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी फळीखालून एक घडीचं सोलर पॅनल काढलं. वहीची दोन पानं उघडावीत एवढंच. "काम हुआ तो वापस लाना, बेटी. और इसपे साया मत पड़ने देना, उंगली का भी नहीं." मी ते जुन्या दप्तराच्या पट्ट्यांनी पाठीवर बांधलं, हातभर वायर खांद्यावरून पुढे आणली आणि फोन पोलक्यात खोचला.

आमच्या टोळीची मुकादमीण सगळ्यांची मावशी होती. खरी कोणाचीच नव्हती. बुटकी, काटक, तोंडाची फाटकी. तिचा एकच कायदा होता: पात, म्हणजे झाडांची ओळ, धरली की शेवटच्या झाडापर्यंत कोणी कंबर सरळ करायची नाही. एक उभी राहिली की दुसरीची कंबर दुखायला लागते, मग तिसरीची, म्हणायची. माझ्याकडे बघून तिने कपाळाला हात लावला.

"हे काय लटकवलं वो पाठीले? पाटी हाये काय शाळेची?"

"फोनसाठी हाय, मावशी. मेसेज येनार हाय."

"येऊ दे. पन पातीत उभी राह्यली तं वावराबाहेर काढीन, सांगून ठेवतो."

बाया आठवडाभर मला 'बिजलीघर' म्हणून हाक मारत होत्या. मला राग यायचा, पण पॅनल चालत होतं. सकाळी मावळतीकडे वेचत गेलं की ऊन पाठीवर यायचं, फोनवर चार्जिंगची खूण दिसायची. पात संपवून उलट फिरलं की ऊन तोंडावर, खूण गायब. दुपारनंतर दिशा बदलायची. असा निम्मा दिवस भरायचा, निम्मा दिवस संपायचा. मी मनातल्या मनात उन्हाशीही भांडत होते.

पाचव्या दिवशी मेसेज आला. चार वाजत आले होते, मी मावळतीकडे तोंड करून वेचत होते, चार्जिंग बंद होतं. उंचवट्यावर पोचताच फोन छातीशी थरथरला. नाव लागलं होतं. जागा यवतमाळलाच होती. बॅटरी दोन टक्के.

मी कायदा मोडला. उभी राहिले, उन्हाकडे पाठ केली, पण अक्षरं दाबताना खांदा हलला की चार्जिंग तुटायचं. पॅनल सोडलं आणि जमिनीवर मांडलं. पण कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी, खाली सगळी सावलीच. झाडांवर टेकवलं तर ते फांद्यांतून घसरलं. हातात वर धरलं तर लिहायचं कशाने? वावराच्या कडेला धुऱ्यावर ऊन होतं, पण तिथे रेंज नव्हती. मला रडू फुटलं. रागाचंच होतं ते.

"काहून थांबली वो?" मावशी झाडं बाजूला सारत आली.

"एक टक्का राह्यला, मावशी. पाचच्या आत भरा लागते. नाही तं औंदाबी गेलं."

तिने एकदा सूर्याकडे बघितलं. मग पाठ फिरवून म्हणाली, "बांध माह्या पाठीले."

मी बांधलं. तिने सूर्याकडे पाठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाकली. चार्जिंगची खूण उमटली. वायर आखूड, म्हणून मी तिच्या पुढ्यात, तिच्याच सावलीत बसले. त्या सावलीमुळे फोनवरची अक्षरं पहिल्यांदा नीट दिसली. पलीकडून बायांनी आमच्या दोघींच्या पाती धरल्या.

अर्जाचं पान उघडेना. गोल नुसतं फिरत होतं. एकदा सगळं भरलं आणि रेंज गेली, पुन्हा पहिल्यापासून. तिच्या हनुवटीवरून घाम टपकून माझ्या मनगटावर पडत होता. तिचे पाय थरथरायला लागले होते. वेचताना वाकलेलं माणूस पुढे सरकत तरी असतं. ती जागच्या जागी वाकून होती. हलली असती तर पॅनलवरचं ऊन गेलं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने एकदाही विचारलं नाही, किती वेळ.

कोड आला. तो टाकला. जागा पक्की झाल्याचं पान उघडलं आणि ते वाचता वाचताच फोन विझला. मला चालणार होतं. मी तोंडावर हात दाबून तशीच बसून राहिले, सगळं जग विसरून.

वरून मावशीचा आवाज आला. इतक्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"झालं असन तं सांग वो. मी उभी राहू काय?"