बारशाच्या तारखेचा शिक्का

माझे बाबा सकाळी चहाच्या आधी तारीख बदलतात. हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यांचं एक कॅलेंडर आहे. त्यातला ठोकळा फिरवून आजचा आकडा समोर आणल्याशिवाय ते कपाला हात लावत नाहीत. जन्मभर टपालखात्यात काढलेल्या माणसाची ही खोड. पोस्टात सकाळचं पहिलं काम म्हणजे शिक्क्यातली तारीख बदलायची, तो शिक्का एका वहीत उमटवायचा आणि शेजारी सही करायची. मगच खिडकी उघडायची. "शिक्का खोटा तर सगळं पोस्टच खोटं," असं ते म्हणतात. त्यावर आई म्हणते, "हौ, आणि चहा गार." हे मी कळायला लागल्यापासून ऐकतेय.

त्यांची दुसरी खोड याहून भयंकर. ती म्हणजे छाटणी. ऑफिसात प्रत्येक कागदाला मुदत असते आणि मुदत संपली की यादी करून कागद फाडतात. हा नियम बाबांनी घरालाही लावला. दर एप्रिलमध्ये एका रविवारी ते विजेची बिलं, पावत्या, गॅरंटी कार्डं, सगळं टेबलावर मांडून बसत आणि मुदत संपलेल्या कागदांचे चार-चार तुकडे करत. माझी वक्तृत्व स्पर्धेची प्रशस्तिपत्रकं एका वर्षी त्यात गेली, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. घरात चिडकी म्हणून माझं नाव आहे, ते काही उगाच नाही. फक्त एका गोष्टीला बाबा कधी हात लावत नसत, दुसऱ्याच्या पत्राला. पोचलेलं पत्र ज्याच्या नावाचं त्याचं. ते ठेवायचं की फाडायचं, हे पाठवणाऱ्यानेसुद्धा विचारायचं नाही.

बाबा साडेतीन वर्षं फौजेत होते. म्हणजे होते, आणि नव्हतेही. फौजेचं टपाल सांभाळायला टपालखात्यातून माणसं जातात. त्यांना वर्दी मिळते, नंबर मिळतो, हुद्दा मिळतो. बर्फात तंबूत राहून ती जवानांची पत्रं लावतात आणि ठरलेली वर्षं झाली की बरेच जण आपल्या खात्यात परत येतात. बाबा तसेच परत आले आणि काचीगुड्याकडच्या एका पोस्टात पुन्हा खिडकीशी बसले. वर्दी आईने डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवली.

आपण माजी सैनिक आहोत का, हे बाबांना कधी ठरवता आलं नाही. बँकेच्या, दवाखान्याच्या, कसल्या कसल्या फॉर्मवर तो चौकोन असतो: माजी सैनिक, होय की नाही. एक ओळ कोरी राहिली तर ज्यांना चैन पडत नाही, ते बाबा त्या चौकोनावर पेन धरून थांबत आणि तो कोरा सोडून पुढे जात. पंधरा ऑगस्टला कॉलनीत झेंडावंदन असतं, तेव्हा माजी सैनिकांना मानाने पुढच्या रांगेत बसवतात. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मागे, चपलांच्या ढिगापाशी उभे राहत. लहानपणी मी एकदा त्यांचा हात धरून ओढला होता. "चला ना पुढे, तुम्ही पण होतात ना?" ते म्हणाले, "आपण पोस्टातले." मला त्या दिवशी त्यांची लाज वाटली होती. आज लिहिताना माझी वाटते.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बाबा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. तिथे रांगेत फौजी टपालातलेच एक जुने गृहस्थ भेटले. तेही बाबांसारखे आपल्या खात्यात परत आलेले, पण त्यांच्या खिशात माजी सैनिकाचं ओळखपत्र होतं. नियम असा निघाला, की फौजी टपालातूनच निवृत्त झालेले ते माजी सैनिक, परत आलेले नाहीत. पण याला एक अपवाद होता. एका ठरावीक तारखेच्या आधी ज्यांची तिथे सहा महिन्यांहून जास्त नोकरी झाली होती, ते परत आलेले असले तरी माजी सैनिकच. ती तारीख बाबांच्या पहिल्याच वर्षात पडत होती.

बाबा घरी आले ते चप्पल न काढता सरळ आत. "मी बसतो त्यात," ते म्हणाले. "ट्रेनिंग धरून आठ महिने होतात." सत्तरी ओलांडलेला तो माणूस चपलांसकट टेबलाशी बसून पुन्हा महिने मोजायला लागला.

"कार्डाचं करणार काय?" आईने विचारलं. "कँटीनचा साबण आणणार?"

"काही नाही करणार. कोणी विचारलं तर होय म्हणणार."

आम्ही कागद शोधायला लागलो. ट्रेनिंगचा हुकूम, रुजू झाल्याचा कागद, काहीच मिळेना. मिळणार कुठून? बाबांच्या मते त्यांच्या मुदती केव्हाच संपल्या होत्या आणि कुठल्याशा एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच्या हातांनी त्यांचे चार तुकडे केले होते. खात्याकडे चौकशी केली, तर तिथेही ते कागद मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट झालेले. बाबा परत आल्याची नोंद होती, गेल्याची नव्हती. मी घर डोक्यावर घेतलं. "जगात कोणी स्वतःच्या नोकरीचे कागद फाडतं का हो?" बाबा मान खाली घालून म्हणाले, "नियमात बसत होतं."

उरली होती पत्रं. बाबांनी पाठवलेली सगळी पत्रं आईने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपली होती. ट्रेनिंगमधून आलेल्यांवर साध्या पोस्टाचे शिक्के होते, त्यांचा उपयोग नव्हता. पण फौजी टपालाचा शिक्का असलेली निळी आंतर्देशीय पत्रं चाळीसेक तरी निघाली. प्रत्येकावर बाबांचा नंबर, हुद्दा, नाव, आणि शिक्का इतका स्वच्छ, की आकडा न् आकडा वाचता यावा. ते शिक्के बाबांनीच मारलेले होते. फौजी शिक्क्याचं सगळ्यात जुनं पत्र मात्र डब्यात नव्हतं. ते माझ्या कपाटात होतं, कारण ते माझ्या नावाचं होतं.

बाबा ट्रेनिंग संपवून चार दिवस घरी आले, तेव्हा मी जन्मले. मी चार दिवसांची असताना ते वर, बर्फाच्या मुलखात जायला निघाले. माझं बारसं त्यांच्यावाचून झालं. आणि नेमका त्या बाराव्या दिवसाचा शिक्का असलेलं पत्र मला आलं, ते निघण्याआधीच ठरलेलं माझं नवंकोरं नाव घालून, आधी 'कुमारी' लावून. आत चारच ओळी: "आज तुझं बारसं. आत्ता तिकडे पाळणा म्हणत असतील. मला इथे ऐकू येतोय. फार रडू नकोस, आईला झोपू दे." हे पत्र मी शाळेत मैत्रिणींना दाखवलंय, लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला दाखवलंय. बाबांशी कितीही कडाक्याचं भांडण झालं, तरी मनात कुठेतरी असायचं, की या माणसाने तिथे पोचल्या पोचल्या आधी माझ्या बारशाची आठवण काढली होती.

सगळी भिस्त आता या पत्रावर आली. त्याच्या शिक्क्यापासून मोजलं, तर त्या ठरावीक तारखेपर्यंत सहा महिने आणि पाच दिवस भरत होते. मी तीनदा मोजलं. "बाबा, बसलात!" मी ओरडले. आईने तर देवापुढे साखर ठेवली. बाबांनी पत्र हातात घेतलं, बराच वेळ शिक्का पाहिला आणि म्हणाले, "दुसरं काही नाही का?" माझं पत्र सरकारी फायलीत जाणार याचं त्यांना वाईट वाटतंय, असं मी धरून चालले.

अर्ज घेऊन सिकंदराबादच्या माजी सैनिकांच्या ऑफिसात आम्ही दोघंच गेलो. टेबलामागचे कारकून स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, बोलणं अस्सल हैदराबादी. त्यांनी भिंग धरून शिक्का पाहिला. "क्या साफ ठप्पा है साब! अब कौन मारता ऐसा?" मग बोटांवर महिने मोजले, मान डोलावली. "हो जाता साब. बड़े साब के सामने रख देतूँ मैं." आणि पत्र अर्जाला लावायला त्यांनी टाचणी उचलली.

"रुकिए," बाबा म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. "बाळा, या पत्रावरचा शिक्का खोटा आहे."

मला काही कळेना. बाबा उभ्यानेच सांगत गेले, आधी मराठीत मला, मग हिंदीत त्यांना. वर जाताना रस्त्यात दरड कोसळून ट्रक अडकला होता. उंचीमुळे डोकं फुटायची वेळ आली होती. अखेर पोचले, चार्ज घेतला, आणि पहिल्या सकाळी शिक्क्यातली तारीख बदलायला गेले. ती तारीख पाहिली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की माझं बारसं होऊन नऊ दिवस झाले.

"मी विसरलो होतो," बाबा म्हणाले. "मला तुझं बारसंच आठवलं नाही. इतकी शरम वाटली, की मी तारीख मागे घेतली, तुझ्या पत्रावर शिक्का मारला आणि परत पुढे आणली. सगळ्या नोकरीत एकदाच."

नऊ दिवस वजा केले, की सहा महिन्यांना चार दिवस कमी पडत होते.

कारकुनांनी टाचणी खाली ठेवली. "साब, आप थे ना वहाँ?"

"था."

"ट्रेनिंग मिला को?"

"आठ महीने."

"फिर बात तो सच्चीच है ना. मैं कुछ सुनाइच नै. हमारे चिट्ठियाँ बरफ में आपीच लोगां लाते थे साब. बैठो, चाय पियो."

मीही बाबांच्या दंडाला धरलं. "बाबा, ते बरोबर बोलतायत. नोकरी खरी आहे ना?"

"नोकरी खरी आहे," बाबा म्हणाले. "पण ती खोट्या शिक्क्यावर खरी ठरवून घ्यायची नाही मला." त्यांनी पत्र मागून घेतलं, माझ्या हातात दिलं आणि अर्ज परत घेतला. कारकून उठून आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आले.

परतताना रिक्षात मी धुमसत होते. कार्ड गेलं त्याचं मला फारसं काही नव्हतं. हे माझं बारसं विसरले होते, आणि मी अडतीस वर्षं त्या चार ओळी छातीशी धरून बसले होते, हे मला झेपत नव्हतं. पाळणा म्हणे ऐकू येतोय! चांगलं खरमरीत काहीतरी बोलायचं म्हणून विद्यानगरच्या सिग्नलला मी मान वळवली, तर बाबा रिकामी फाइल मांडीवर धरून रडत होते. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे पत्र उलटं केलं. मागच्या बाजूला आमच्या पोस्टाचा, पत्र पोचल्याचा शिक्का होता. "बाकीची पत्रं दहा-अकरा दिवसांत यायची," ती म्हणाली. "याला वीस लागले. पोस्टातल्याची बायको आहे मी. मला त्याच दिवशी कळलं होतं."

बाबांनी वाकून तो शिक्का वाचला. "मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? घरात कधी ऑफिसची टाचणी आणली नाहीत तुम्ही. लेकीसाठी तारीख चोरलीत. मला बरं वाटलं."

बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून माझ्यासमोर बसले. "पत्र तुझ्या नावाचं आहे, मला हात लावायचा हक्क नाही. पण तू परवानगी दिलीस, तर शिक्क्याशेजारी खरी तारीख लिहून सही करतो." एवढं बोलून ते वाट पाहत राहिले. हे त्यांच्या मनात अडतीस वर्षं होतं.

मी पत्राची घडी घातली. "नाही देत परवानगी," मी म्हणाले. "त्या तारखेला तुम्ही माझ्या बारशाला होतात. तसा शिक्का आहे माझ्याकडे."

बाबांनी टोपण लावलं.

आता फॉर्मवर तो चौकोन आला, की ते न थांबता 'नाही' लिहितात. यंदाही पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांनी पुढे यावं, असं माइकवरून सांगितलं गेलं. बाबा इस्त्रीच्या शर्टात मागे, चपलांपाशी उभे होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले आणि त्यांचा हात धरला. ओढला मात्र नाही.