गोधड्या धुवायची जागा

टेम्पोत सामान भरून झालं तेव्हा सून म्हणाली, "आत्या, ते धोपाटणं टाका आता. तिकडं नळ हाय, बाथरूम हाय."

मी टाकलं नाही. कपडे बडवायचं ते जाड लाकूड माझ्या सासूच्या हातचं. गोधड्यांच्या गठुड्यात खुपसलं आणि टेम्पोत चढले. जैतून, तू वेशीपर्यंत आलीस आणि म्हणालीस, "तिथं नदी न्हाई बये. गोधड्या कुठं धुशील?" मी वर तोंड करून म्हणाले, "लोक न्हाईत का ऱ्हात तिथं?" तू काय विचारलंस ते मला कळायला सहा वर्षं लागली.

वडगाव रासाईला घट बसायच्या आधी आम्ही बाया भीमेवर गोधड्या धुवायला जायचो. तुझा सण वेगळा, पण गोधड्या तू आमच्याबरोबरच आणायचीस. घरात कुणी रडायला लागली की माझी सासू म्हणायची, "दारात तमाशा नगं. वाकळ घे आन् नदीला जा." एकीने रडायचं आणि बाकीच्यांनी जोरजोरात बडवायचं, म्हणजे वर रस्त्यापर्यंत आवाज जायचा नाही. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. माझा धाकटा मुलगा गेला त्या वर्षी तू माझ्याही गोधड्या बडवल्यास आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. आता नदीत जलपर्णी माजलीय, पाणी हातात घेववत नाही, असं तू फोनवर सांगतेस. घाण केली शहराने, आणि जागा गेली आपली.

सणसवाडीत आम्हाला एक खोली आणि किचन. मुलगा दत्ता आणि सून दोघंही कंपनीत, पाळ्या वेगवेगळ्या. शेजारी बिहारची पोरं, कायम रात्रपाळीची. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचा मोबाईल वाजला की मी उठून बसते. "आंटी, आवाज मत करो, सोने दो." पोरं वाईट नाहीत, कष्टाची झोप आहे त्यांची. पण दिवसा ती झोपलेली, रात्री दत्ता झोपलेला. जिन्यात मालकाची पाटी, आवाज करू नये. मग आवाज करायचा तरी कधी? मी तेच शिकले आणि नात ऋतुजालाही तेच शिकवलं. हळू बोल. भांडं आपटू नको. गप. धोपाटणं दाराला अडसर म्हणून कामी आलं.

ऋतुजा शिरूरच्या एका कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. यंदा ती जेवेनाशी झाली. भाकरी कुस्करायची आणि उठायची. एक दिवस म्हणाली, "सोमवारपासनं मी कॉलेजला जाणार न्हाई." का, ते सांगेना. त्याच आठवड्यात कॉलेजने पालकांना बोलावलं. आईबाप पाळीवर, म्हणून एसटीने मी गेले.

तिथं माइंडफुलनेसचं शिबिर चाललं होतं. वर्गभर पोरंपोरी डोळे मिटून बसलेली, आणि एक मॅडम हळू आवाजात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत होत्या. मला तो वर्ग अगदी आमच्या बिल्डिंगसारखा वाटला.

मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी एक फॉर्म काढला. म्हणाल्या, ऋतुजाला विचारूनच दाखवते. प्रश्न होता, मन भरून आलं की तुम्ही कुठे जाता? तिने लिहिलं होतं, 'कुठेच नाही. रडू आलं की आजी गप कर म्हणते, शेजारी झोपलेत.'

"आजी, घरी तिला रोज दहा मिनिटं शांत बसू द्या," मॅडम म्हणाल्या.

माझं टाळकं फिरलं. "बाई, सहा वर्षं ती शांतच बसलीय. अजून किती शांत करताय? गप पोरींना गप बसायला शिकवायचा पगार मिळतो व्हय?"

"हे गप बसणं नाही, आजी. आत काय चाललंय ते बघायचं असतं."

"बघितलं. मग ते बाहेर कुठं काढायचं? तुमच्या फॉर्मात त्यो रकाना हाय का?"

त्यांनी फॉर्मकडे पाहिलं. "नाही," म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, कुठं काढायचं?"

मी पिशवी उचलली आणि उठले.

येताना एसटीत राग मावत नव्हता. बिल्डिंग बांधणाऱ्यांचा आला. मोटारसायकलींना जागा ठेवतात, गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवतात, आणि माणसाला रडायला हातभर कोपरा ठेवत नाहीत. पण 'गप कर' हे ना बिल्डरने म्हटलं होतं, ना त्या मॅडमनी. ते माझ्या तोंडचं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

रविवारी सकाळी दाराचा अडसर काढला. बिहारच्या पोरांना सांगितलं, "आज दो घंटा आवाज होगा." घरातल्या मळलेल्या सगळ्या गोधड्या गच्चीवर नेल्या, टाकीच्या नळाखाली भिजवल्या आणि धोपाटणं ऋतुजाच्या हातात दिलं. ती बाळाला थोपटावं तशी थोपटायला लागली.

"पापड लाटतीस का काय? हाण की!"

ती हसली, आणि हाणलं. मालक खालून ओरडला, "मावशे, ढोल वाजवताय का काय वर?"

"आप्पा, गोधड्या धुतोय. गोधडी गप बसून धुवून व्हत न्हाई!"

तिसऱ्या गोधडीवर ऋतुजा खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मी धोपाटणं उचललं, तिच्याकडे पाठ केली आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून बडवत राहिले. काय झालं ते विचारलं नाही. सोमवारी जाणार का, तेही विचारलं नाही.

जैतून, गावात माझं घर आहे आणि चावी तुझ्याकडे आहे. इथल्या खोलीला मी सहा वर्षं खोलीच म्हणत आले. त्या दिवशी साबणाचं पाणी जिन्यावरून वाहत होतं, आप्पा शिव्या देत होता, पोरगी हंबरत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपण घरी आहोत.

बऱ्याच वेळाने तिने ओढणीने नाक पुसलं. "आज्जे, अजून हाय का एखादी?"

एकच उरली होती, माझी पांघरायची. ती अजून मळली नव्हती. तीच आणून दिली.