नागिणीचं ग्रीक

आमच्या कळंबोलीच्या बिल्डिंगमध्ये अंगावर फोडांची रांग उठली की डॉक्टर नाही, गेरू शोधतात. नागीण म्हणे. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस खलास. म्हणून शेजारच्या नावडे गावातल्या एका म्हातारीला बोलवायचं, फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूची रेघ ओढून घ्यायची, की नागिणीची वाट अडली. चांगले शिकलेसवरलेले लोक हे मान डोलावत सांगतात. मला असल्या लोकांची किळस यायची.

मी महाप्याच्या एका कंपनीत मेडिकल कोडिंग करतो. परदेशातल्या पेशंटच्या फायली वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला त्याचा नंबर द्यायचा. अकरा वर्षं हेच. त्यातून शब्दांची खोड लागली. स्नायूचं इंग्रजी नाव उंदरावरून आलंय, मलेरिया म्हणजे वाईट हवा, हे मी जेवताना कुणी न विचारता सांगतो.

आईच्या कपाळावर डावीकडे फोड आले. बघायला साताऱ्याहून आलेल्या मामीनं गेरूचा विषय काढला आणि मला चेवच आला. म्हटलं, "मामी, नागिणीचं डॉक्टरी नाव हर्पीस झोस्टर. हर्पीस म्हणजे ग्रीकमध्ये सरपटणं. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. तुमची नागीण तिकडेही होतीच. पण ती अंगाच्या एकाच बाजूला येते, मधली रेषा ओलांडत नाही. मग तोंड-शेपूट जुळणार कसं?"

पुढे येईल-जाईल त्याला मी हेच ऐकवत होतो. आई मध्येच म्हणाली, "डोळ्यात खुपतंय रे."

"होतं तसं. रविवारी नेतो दवाखान्यात."

चौथ्या दिवशी मामीनं मला न विचारता म्हातारीला आणलं. मी दारात हाताची घडी घालून, हसू दाबत उभा. तिनं आईची हनुवटी वर केली आणि गेरूची वाटी बाजूला सारली. "नाकाचे शेंड्यावर फोड हाय. डोल्याच्या डाक्टरकडं न्या. आताच."

नाकाच्या शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्याला धोका, हे मी कितीतरी फायलींत वाचलंय. त्याचा नंबर पाठ आहे. आईच्या तोंडाकडे मात्र चार दिवस नीट पाहिलंच नव्हतं. असली हुशारी काय जाळायचीय?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "नाकावरचा फोड कधीचा?"

मी आईच्या नाकाकडे बघितलं.

"आज सकाळचा," आई म्हणाली. "आधी असता तर ह्यानं लगेच आणलं असतं. ह्याला सगळं कळतं."

डावा डोळा गेला तो गेलाच. मामीला, शेजाऱ्यांना आई अजून सांगते, फोड त्याच दिवशी सकाळी आला होता.